न लिहिलेला अर्ज

म्हैसुरास येणारा आमचा मराठी पाहुणा प्रथम राजवाडा पाहतो, मग चामुंडीच्या टेकडीवर जाऊन येतो, आणि परतीच्या गाडीला अवकाश असला तर देवराज मार्केटात शिरून उदबत्त्या व म्हैसूरपाक घेतो. त्याच वाटेवर मोठ्या घड्याळाच्या मनोऱ्याजवळ एक जुना टाउन हॉल उभा आहे. त्याकडे मान वळवून पाहणारा पाहुणा आम्हांस अद्याप भेटावयाचा आहे. हा हॉल दिवाण रंगाचार्लू यांच्या स्मरणार्थ बांधलेला. इंग्रजांनी 1881 मध्ये म्हैसूरचे राज्य वडेयर घराण्याला परत दिले, आणि त्याच वर्षी या दिवाणांनी दसऱ्याच्या सुमारास प्रजाप्रतिनिधी सभा भरविली. 144 प्रतिनिधी आले. बहुतेक जमीनदार आणि व्यापारी. दिवाणसाहेबांनी राज्यकारभाराचा अहवाल वाचावा, प्रतिनिधींनी आपापल्या मुलखाची गाऱ्हाणी सांगावी, आणि मग सर्वांनी दसऱ्याची मिरवणूक पाहून घरी जावे, असा तो बेत होता. देशी संस्थानांत असे पूर्वी कोठे घडले नव्हते, आणि त्याबद्दल म्हैसूरकरांना वाटणारा अभिमान आम्हांस रास्त वाटतो.

परंतु त्या सभेला मागता येत होते, रोखता येत नव्हते. या दोन क्रियापदांतील अंतर किती मोठे आहे हे समजण्यास आम्हांस उभा जन्म लागला, म्हणून हा लेख.

पुढे या राज्याला एक मराठी दिवाणही लाभले. तंजावरकडच्या मराठी घराण्यातले व्ही. पी. माधवराव, त्यांच्या नावातील ‘पी’ म्हणजे पाटणकर. आमच्या मंडळात त्यांचे नाव निघाले की कोणी तरी छाती फुगवतोच. त्यांच्या कारकिर्दीत 1907 मध्ये येथे कायदेमंडळ स्थापन झाले, ही गोष्ट मोठ्या आनंदाने सांगितली जाते. त्याच दिवाणांनी पुढच्याच वर्षी वृत्तपत्रांच्या मुसक्या बांधणारा कायदा केला, ही गोष्ट मात्र सांगावयाची राहून जाते. सरकारच्या परवानगीवाचून वर्तमानपत्र काढू नये, असा तो कायदा. म्हैसुरातील वयोवृद्ध पत्रकार वेंकटकृष्णय्या, ज्यांना लोक आदराने ताताय्या म्हणत, त्यांनी विरोध केला. पण विरोध करणे आणि अडविणे या पुन्हा दोन निराळ्या गोष्टी. दिवाण वाईट होते असे नव्हे. ज्या हाताने दिले त्याच हाताने काढून घेतले, आणि मध्ये धरणारा दुसरा हात नव्हता, एवढेच.

हा दुसरा हात 1949 मध्ये मिळाला. 25 नोव्हेंबर रोजी महाराज जयचामराजेंद्र वडेयर यांनी जाहीरनामा काढून भारताची राज्यघटना म्हैसुरास लागू होईल असे मान्य केले. योगायोग असा की, त्याच दिवशी दिल्लीत घटना समितीपुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे अखेरचे मोठे भाषण झाले, आणि घटना कितीही चांगली असली तरी ती राबविणारे वाईट निघाले तर ती वाईटच ठरेल, असा इशारा त्यांनी दिला. आम्ही शाळेत असताना मूलभूत हक्कांची यादी पाठ केली होती. समता, स्वातंत्र्य, शोषणाविरुद्धचा हक्क आणि पुढे. ती यादी हीच घटना, आणि उरलेली तीनशे-साडेतीनशे कलमे म्हणजे कचेरीची व्यवस्था, अशी आमची समजूत होती. नोकरीत शिरल्यावरही ती बरीच वर्षे टिकली.

आम्ही 1974 मध्ये मध्यवर्ती सरकारच्या एका कचेरीत लागलो आणि पहिलीच नेमणूक म्हैसूरला झाली. साताऱ्याहून निघताना वडिलांनी सांगितले होते की परमुलखात प्रथम चांगला घरमालक शोधावा. तो अग्रहारात मिळाला. एक निवृत्त शिक्षक. सारा मोहल्ला त्यांना ‘मेष्ट्रू’ म्हणे. माडीवरची खोली आमची, खाली मेष्ट्रू, त्यांच्या पत्नी आणि कॉलेजात जाणारी मुलगी. सणावारी आमचे पान त्यांच्याच घरी मांडले जाई. कन्नड अक्षरे आम्हांस मेष्ट्रूंनी शिकविली; संध्याकाळी जगलीवर बसून ते वर्तमानपत्र मोठ्याने वाचीत आणि प्रत्येक बातमीवर स्वतःचा शेरा मारीत, तोच आमचा धडा. सप्टेंबर 1947 मध्ये, देश स्वतंत्र झाला तरी म्हैसुरात जबाबदार राज्यपद्धती आली नव्हती म्हणून ‘म्हैसूर चलो’ चळवळ झाली, तीत ते तीन आठवडे तुरुंगात होते. हे ते विनोदाने सांगत.

नोव्हेंबर 1975 मध्ये एका पहाटे पोलीस आले आणि मेष्ट्रूंना घेऊन गेले. आणीबाणी लागून पाच महिने झाले होते. हुकूम ‘मिसा’ खालचा. कायदा दिल्लीचा, पण पोलीस हा विषय घटनेने राज्यांच्या यादीत घातलेला, त्यामुळे दारावर थाप मारणारा हात इथलाच, ओळखीचा होता. त्या फौजदाराचा मुलगा मेष्ट्रूंचा विद्यार्थी. तो खाली मान घालून उभा राहिला. आरोप काय, असे मेष्ट्रूंनी विचारले, तेव्हा ते सांगावयाचे नाही, असे उत्तर मिळाले; आणि ते खरे होते, कारण अटकेची कारणे कैद्याला कळविण्याची गरजच नाही, अशी दुरुस्ती त्या वर्षी कायद्यात झाली होती. चपला घालताना मेष्ट्रू आमच्याकडे पाहून म्हणाले, ‘‘राजाच्या तुरुंगात कलम तरी सांगत होते.’’

महिन्याभराने त्यांची मुलगी माडीवर आली. ती आम्हांस अण्णा म्हणे. वडील कोणत्या तुरुंगात आहेत हे तिने स्वतःच शोधून काढले होते. आता बंगळूरच्या उच्च न्यायालयात अर्ज करावयाचा होता, आणि बंगळूरचे एक वकील फी न घेता तो चालविण्यास तयार होते; पण सारी हकीकत तारीखवार, चांगल्या इंग्रजीत लिहून हवी होती. ‘‘अण्णा, तुमच्यासारखे इंग्रजी आमच्यात कोणाला येत नाही. तुम्ही फक्त लिहून द्या; सही आईची असेल.’’

आमची नोकरी तात्पुरती होती. 1965 च्या नियमांप्रमाणे एक महिन्याची नोटीस दिली की तात्पुरत्या नोकराचा निकाल लागे; कारण सांगण्याचे बंधन नव्हते. कायम नोकराला चौकशीवाचून काढता येत नाही असे 311 वे कलम म्हणते, पण साध्या नोटिशीपुढे तात्पुरत्या माणसाला त्याचा आधार नसे. आमच्या एका वरिष्ठांनी त्याच आठवड्यात सहज बोलल्यासारखे सुचविले होते की घरमालकाच्या भानगडीत पडू नये. काही लेखी नव्हते. त्या दिवसांत लेखी फारसे कोठेच नसे. साताऱ्यास आमच्या मनिऑर्डरीची वाट पाहणारी पाच माणसे होती. आम्ही तिला म्हणालो, ‘‘जरा थांब. सध्या दिवस बरे नाहीत.’’

ती थांबली. चार महिने थांबली. नंतर तिने विचारले नाही.

त्या चार महिन्यांत दार उघडे होते, हे येथे लिहून ठेवणे आम्हांस प्राप्त आहे. सप्टेंबर 1975 मध्येच दिल्लीच्या उच्च न्यायालयाने पत्रकार कुलदीप नय्यर यांच्या पत्नीच्या अर्जावर त्यांची अटक बेकायदा ठरविली होती. बंगळूरला तर अटलबिहारी वाजपेयी, लालकृष्ण अडवानी आणि आपल्या राजापूरचे खासदार मधु दंडवते असे मोठे कैदी होते. 26 जून रोजी त्यांना तेथेच पकडले होते. (प्रमिलाताई दंडवते त्याच काळात येरवड्यास होत्या, नवरा-बायको दोन राज्यांच्या दोन तुरुंगांत.) त्यांच्या अर्जांवर, हे अर्ज ऐकण्याचा आम्हांस अधिकार आहे, असे बंगळूरच्या उच्च न्यायालयाने सांगितले. नागपूरच्या खंडपीठाने सांगितले, अलाहाबादने सांगितले, जबलपूरने सांगितले. देशातील नऊ उच्च न्यायालये हेच म्हणाली. घटनेतील हक्कांची यादी तेव्हा गुंडाळून ठेवलेली होती. कोर्टात जाण्याचा हक्कच राष्ट्रपतींच्या हुकुमाने स्थगित होता. तरीही ही नऊ दारे उघडी राहिली, कारण ती यादीवर अवलंबून नव्हती. न्यायालये अनेक आहेत, दूरदूर आहेत आणि एका टेलिफोनने साऱ्यांना एकच उत्तर देता येत नाही, या रचनेवर ती अवलंबून होती.

28 एप्रिल 1976 रोजी ती बंद झाली. सर्वोच्च न्यायालयाच्या पाचांपैकी चार न्यायमूर्तींनी निकाल दिला की आणीबाणीत अटकेविरुद्ध कोणालाही दाद मागता येणार नाही. त्या चौघांत आपले यशवंतराव चंद्रचूड होते. पाचवे, हंसराज खन्ना, एकटे विरुद्ध गेले. पुढच्या जानेवारीत सरन्यायाधीशपद त्यांना डावलून त्यांच्या कनिष्ठाला देण्यात आले आणि त्यांनी राजीनामा दिला. निकालाची बातमी वाचून आम्हांस काय वाटले, हे सांगण्यास लाज वाटते, पण सांगतो. आम्हांस हायसे वाटले. अर्ज लिहिला असता तरी आता फुकटच गेला असता, असे आम्ही स्वतःला बजावले आणि त्या रात्री बऱ्याच दिवसांनी शांत झोपलो.

मेष्ट्रू 1977 च्या आरंभी निवडणुका जाहीर झाल्यावर सुटले. गुडघे गेले होते. आम्हांस त्यांनी एका शब्दाने विचारले नाही; उलट कन्नडचा धडा जेथे राहिला होता तेथून पुढे सुरू केला. ती क्षमा होती की त्यांना काही माहीतच नव्हते, हे आजवर उमगलेले नाही.

आम्ही मध्यवर्ती सरकारचे मीठ खाल्ले आहे, आणि त्याची निंदा करण्यासाठी हे लिहीत नाही. फाळणीच्या आगीतून आणि शेकडो संस्थानांच्या गोधडीतून हा देश शिवणाऱ्यांनी केंद्र मुद्दाम बळकट केले. ते दुबळे असते तर आपण मराठी माणसे म्हैसुरात, कलकत्त्यात, शिलाँगला कोणत्या भरवशावर नोकऱ्या करीत राहिलो असतो? प्रश्न केंद्राच्या बळाचा नाहीच. कागद किती हातांतून जातो, हा आहे. आपण सारे फाइलीत वाढलेले लोक. आपल्याला हे कोणी समजावून सांगावयास नको. ज्या प्रकरणावर कारकुनाचे टिपण आहे, अधीक्षकाची शंका आहे, लेखा विभागाची हरकत आहे, त्यात घोटाळा करणे कठीण जाते. जे प्रकरण तोंडी हुकुमाने एका दिवसात मंजूर होते, त्याचीच पुढे चौकशी लागते. 25 जून 1975 च्या रात्री आणीबाणीच्या जाहीरनाम्यावर राष्ट्रपतींची सही झाली तेव्हा मंत्रिमंडळाची बैठकही झालेली नव्हती. ती दुसऱ्या दिवशी सकाळी झाली. एवढ्या मोठ्या फाइलीवर खालचे एकही टिपण नव्हते. म्हणून 1978 च्या 44 व्या दुरुस्तीत जे घातले गेले ते एखाद्या जुन्या मुरलेल्या अधीक्षकाने सुचवावे तसे आहे. मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळविल्यावाचून राष्ट्रपतींनी आणीबाणी पुकारू नये. ‘अंतर्गत अशांतता’ हे सैल शब्द काढून ‘सशस्त्र बंड’ असे घालावे. जीविताच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्कासाठी कोर्टात जाण्याची वाट आणीबाणीतही बंद करता येऊ नये. आणि मंत्रिमंडळाचा सल्ला राष्ट्रपतींना एकदा फेरविचारासाठी परत पाठविता यावा. ही शेवटची तरतूद वरवर किरकोळ दिसते. ऑक्टोबर 1997 मध्ये उत्तर प्रदेशाच्या आणि सप्टेंबर 1998 मध्ये बिहारच्या बाबतीत राष्ट्रपती के. आर. नारायणन यांनी राष्ट्रपती राजवटीचे प्रस्ताव तिच्याच आधारे परत पाठविले, आणि दोन्ही वेळा त्या क्षणी तरी सरकारे वाचली.

राष्ट्रपती राजवटीची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. 1989 मध्ये आमची बदली दुसऱ्यांदा म्हैसूरला झाली होती, आणि पुन्हा जगलीवरचे वर्तमानपत्र सुरू झाले होते. मुख्यमंत्री एस. आर. बोम्मई यांना बहुमत उरले नाही, असे राज्यपालांनी दिल्लीला कळविले. पुरावा म्हणजे एका आमदाराने आणून दिलेली 19 पत्रे. दुसऱ्याच दिवशी त्यांतील सात जणांनी, आमच्या सह्या फसवून घेतल्या, असे कळविले. बोम्मई म्हणत होते, सभागृह बोलवा, तेथे मोजा. तसे न होता 21 एप्रिल रोजी सरकार बरखास्त झाले, विधानसभा विसर्जित झाली. मेष्ट्रूंनी बातमी वाचून चष्मा काढला आणि म्हणाले, ‘‘चिठ्ठ्या मोजण्यापेक्षा माणसे मोजायला काय झाले होते?’’ पाच वर्षांनी, 11 मार्च 1994 रोजी, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी जो निकाल दिला त्याचा गाभा याहून फार निराळा नाही. बहुमताची परीक्षा राजभवनात नव्हे, सभागृहात. राष्ट्रपतींच्या घोषणेमागे काय आधार होता हे न्यायालय तपासू शकते. संसदेच्या दोन्ही सभागृहांची संमती मिळण्यापूर्वी विधानसभा विसर्जित करता येत नाही. त्यातील एक प्रमुख निकालपत्र न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचे, हे वाचून आमच्या मनावरचे एक जुने ओझे किंचित हलके झाले. मराठी माणसाचे नाव या खेपेस निराळ्या बाजूला लागले होते. त्यापूर्वी नव्वदांहून अधिक वेळा वापरले गेलेले हत्यार या निकालानंतर पुष्कळ जपून उपसले जाऊ लागले. बोम्मईंना स्वतःला मात्र काही परत मिळाले नाही. त्यांची विधानसभा केव्हाच गेली होती, नव्या निवडणुका होऊन गेल्या होत्या. मेष्ट्रूही निकाल ऐकावयास राहिले नव्हते. ते त्याच्या आधीच्या पावसाळ्यात गेले.

निवृत्तीनंतर आम्ही म्हैसुरातच घर केले. येथल्या महाराजा कॉलेजात शिकलेले के. एस. पुट्टस्वामी पुढे कर्नाटक उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले, आणि 2012 मध्ये, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी, त्यांनी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला की संसदेच्या कायद्यावाचून, केवळ सरकारी हुकुमाने, ‘आधार’ लोकांवर लादता येणार नाही. शहाऐंशीव्या वर्षी माणूस बागेत फिरतो, नातवंडांना ओरडतो. अर्ज लिहीत बसत नाही. त्या अर्जातून 24 ऑगस्ट 2017 चा निकाल निघाला: खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, नऊ विरुद्ध शून्य. त्याच निकालात धनंजय चंद्रचूड यांनी 1976 चा तो निकाल चुकीचा ठरवून रद्द केला. वडिलांनी लिहिलेले मुलाने खोडले. ‘आधार’ पुढच्या वर्षी काही अटी घालून बहुमताने वैध ठरले, आणि तेथेही हे चंद्रचूड एकटे विरुद्ध गेले, हेही नमूद केले पाहिजे. सारे काही एका निकालाने उजळले, असा आमचा दावा नाही. पण त्या संध्याकाळी दूरदर्शनवरची बातमी संपल्यावर आम्ही बराच वेळ उठलो नाही. 1976 च्या ज्या निकालाच्या उशीवर आम्ही शांत झोपलो होतो ती उशी एका म्हाताऱ्याच्या अर्जाने काढून घेतली होती. शिवाय आमची ती पळवाट मुळातच खोटी होती. अर्ज लिहावयाचा होता तो डिसेंबरात. निकाल लागला एप्रिलात.

गेल्या दसऱ्यात मेष्ट्रूंची मुलगी देवराज मार्केटात भेटली. बँकेतून निवृत्त होऊन तिलाही आता वर्षे झाली. केस पांढरे झाले आहेत, हाक मात्र तीच. टाउन हॉलच्या बाजूला सावलीत उभे राहून ती म्हणाली, ‘‘अण्णा, अप्पांना कोणत्या कारणाने नेले होते, तो कागद मला पाहायचा आहे. माहितीचा अर्ज करायचा आहे. पन्नास वर्षे झाली. आता तरी कारण सांगायला हरकत नसेल.’’ क्षणभर थांबून तिने पुढे विचारले, ‘‘तुम्ही लिहून द्याल?’’

आम्ही तेथेच, पिशवीतल्या वाण्याच्या यादीच्या पाठीवर, मसुदा सुरू केला. कर्नाटकात असा अर्ज दीडशे शब्दांत बसवावा लागतो. कन्नडमध्ये लिहिला, मेष्ट्रूंनी शिकविलेल्या अक्षरांत. दोन ठिकाणी तिने ऱ्हस्व-दीर्घ सुधारले. दहा रुपये शुल्क भरले. तिसाव्या दिवशी संबंधित कचेरीचे उत्तर आले: सदर कागदपत्र दप्तरी उपलब्ध नाहीत. कोणत्या नियमाने, कोणत्या तारखेस आणि कोणाच्या सहीने ते नष्ट केले, याचा उल्लेख नाही. दप्तर नष्ट करावयाचे तर त्याचीही नोंद ठेवावी लागते, हे आम्ही चाळीस वर्षांच्या नोकरीत इतरांना शिकवीत आलो.

म्हणून पहिले अपील केले आहे. त्यात विचारले आहे की नष्ट केल्याची नोंदवही तरी दाखवावी. निर्णयाची मुदत तीस दिवसांची, फार तर पंचेचाळीस. आज अठरावा दिवस आहे.